चाराण्याएवढा चेहरा

भाऊ, तुमच्या चष्म्यावरची चमक काही निघाली नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशांतनं मला तुमचा फोटो करायला सांगितला. एक मोठा, हार घालायला, आणि एक लहान, पेपरात द्यायला, दोन बोटं रुंद. "सुनंदाताई, बाबाचं काम तुमच्याइतकं कोणाले माहीत हाय?" असं म्हणाला तुमचा लेक, आणि मी हो म्हणून बसले. सगळ्या मोताळ्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड असा एकच फोटो सापडला. तोही कुणाच्या तरी लग्नातला, हातात पत्रावळ, आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर लाईटचे पांढरे पट्टे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तुमच्या बाबतीत उलटंच झालं. डोळ्यांच्या जागी नुसता उजेड.

"दुसऱ्या कोणाचे डोळे बसवता नाही येत काय?" प्रशांतनं भीत भीत विचारलं. मी फाडकन बोलले त्याला. म्हटलं, असलं काम आपल्या दुकानात होत नाही, तुझ्या बाबांनी जन्मात कधी केलं नाही.

छातीठोकपणे म्हटलं, भाऊ. आणि मग तुमचा दुसरा एखादा फोटो मिळतो का बघायला तुमचा जुना कॉम्प्युटर सुरू केला.

तो सुरू व्हायला अजूनही चहा उकळेपर्यंत वेळ घेतो. तुमची फोल्डरं सगळी मापाच्या नावानं. 'पासपोर्ट आठ', 'पेपर दोन बोटं', 'शाळा ओळखपत्र'. तुमचा फोटो कशातच नव्हता. एका फोल्डरवर 'चाराणे' असं लिहिलं होतं. कुतूहल म्हणून उघडलं. आत चार फोटो होते आणि त्यातल्या एकात मी होते, बावीस वर्षांची, समोर बघणारी, तोंडावर लग्नाची हळद पुरती उतरलेली नाही.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मला तर पाठच आहे. लग्नाला महिना झाला होता. मी बिजवराला दिलेली. पहिली रेखाताई, कोमल दीड वर्षाची असताना तापानं गेली. आमच्याकडं पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. तो गळ्यात असला की गेलेलीचा जीव शांत राहतो आणि नवीच्या संसारात आडवा येत नाही, असं म्हणतात. टाकावरची बाई कोणीही असते, नाकडोळे सगळ्यांना सारखेच. मला ते चाललं असतं. पण खामगावच्या चांदीवाल्यानं सासूबाईंना नवीन सांगितलं होतं, झाकणाचं लॉकेट आणि आत फोटो. "माही रेखा काही पत्र्यावरची बाई नव्हती," त्या म्हणाल्या. "तिचा चेहरा पाह्यजे."

आणि चेहरा कुठं होता? लग्नाचा अल्बम तिच्या माहेरी होता. जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न ठरवलं म्हणून तिच्या वडिलांनी रागाच्या भरात तो नळगंगा नदीत सोडून दिला. राहिला एकच फोटो, कोमलच्या बारशाचा, भाच्यानं साध्या मोबाईलवर काढलेला. त्या मोबाईलचा पडदा बोटभर. त्यात रेखाताई आहे एवढंच कळायचं.

हे बँकेतून फॉर्म आणायला गेले आणि मी तुमच्यासमोर बसले. जॉइंट खात्यासाठी माझाही फोटो काढायचा होता. तुम्ही मोबाईलचं कार्ड कॉम्प्युटरला लावून तिचा चेहरा शोधत होता. मला नाव होतं, गाव होतं, पण गळ्यात दुसरीचं तोंड घेऊन जन्म काढायचा होता. मी धीर करून बोलले होते.

"भाऊ, एक काम करा. एवढा लहान करा का चेहरा दिसलाच नाही पाह्यजे."

तुम्ही मान वर केली नाही. "लहान करनं म्हंजे पुसनं नाही, बाई."

"कोणाले कळते? चाराण्याएवढ्या खड्ड्यात कोण वाकून पाहते?"

"जिच्या गळ्यात हाय थे पाहते."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही माठातलं पाणी दिलंत आणि स्टुलावर बसवलंत. मी खाली बघायची, तुम्ही म्हणायचात वर पाह्य. चार वेळा झालं. मग तुम्ही कॅमेऱ्यामागून बाहेर आलात.

"मान काऊन खाली घालते? तू काय चोरी केली?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बरं, हासू नको. रागानं पाह्य. मले शिव्या दे मनातल्या मनात. पन सरळ पाह्य एकदा."

मी पाहिलं. तुम्हाला, नवऱ्याला, सासूबाईंना, नळगंगेला, त्या मेलेल्या बाईला आणि घरी आत्याजवळ ठेवलेल्या अडीच वर्षांच्या पोरीला, सगळ्यांना एकदमच पाहिलं. तुम्ही बटण दाबलंत.

आठवड्यानं लॉकेट आलं. झाकण उघडलं. चाराण्याएवढ्या खड्ड्यातून रेखाताई सरळ माझ्याकडं बघत होती. चेहरा बराचसा धूसर, पण डोळे लख्ख. आणि त्या डोळ्यांत असा राग, की जणू मी तिच्या ताटात जेवताना सापडले होते. सासूबाईंनी लॉकेट डोळ्यांशी धरलं आणि हमसून हमसून रडल्या. "अशीच पाह्यची माही रेखा, अशीच." कोमलच्या बाबांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि भेंडीला पाणी लावायला निघून गेले. तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला आठवण आली. आता वाटतं, त्यांना कळलं होतं का? विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

झाकण मी शक्यतो उघडत नसे. पण कोमल उघडायची. तिला मी मम्मी आणि लॉकेटातली आई. मांडीवर बसून नखानं झाकण काढायची आणि बघत बसायची. एकदा म्हणाली, "आई माह्यावर रागावली काय व?" मी काय सांगायला पाहिजे होतं? नाही गं बाळा, असं सांगायला पाहिजे होतं. पोरगी जेवायची नाही, मी थकलेली असायची, घरात कुणाचा आधार नाही. मी म्हटलं, "हाव. तू जेवत नाहीस न, म्हून रागावली." आणि पोरीनं गुपचूप घास खाल्ला. मग मला सवयच लागली. अभ्यास कर, पाह्य आई कशी पाहते. खोटं बोलू नको, आईले दिसते. उपाय लागू पडतो म्हटल्यावर मी तो किती वर्षं वापरला, भाऊ. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुकानात बसून जगभराच्या गप्पा मारल्या आपण, हे तेवढं टाळलं.

कोमल शाळेत जायला लागली आणि ओळखपत्राच्या फोटोसाठी मी पुन्हा तुमच्याकडं आले. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, फॉर्म भरणारे, फोटोवाले, बायोडाटावाले. तुमचे हात दोन आणि गिऱ्हाईक चाळीस. तुम्ही माझ्याकडं बघून एकदम म्हणालात, "कॉम्प्युटर येते काय?" मी म्हटलं नाही. "मंग शिकाले काय होते?" तिथून जी बसले ती दहा वर्षं बसले. सासूबाई तणतणल्या, यांनी आठ दिवस तोंड फिरवलं, पण तुम्ही घरी येऊन यांच्या वांग्याचं इतकं कौतुक केलंत की त्यांना नाही म्हणता येईना. वांगी तुम्हाला आवडत नाहीत हे मला नंतर कळलं.

शिकवण्याची तुमची तऱ्हा वेगळीच. पिक्सेल म्हणायचं नाही, दाणा म्हणायचं. फोटो म्हणजे दाण्यांचं पोतं. इंचाला तीनशे दाणे पडले की फोटो भरलेला दिसतो, शंभर पडले की विरळ पेरल्यासारखा. आधी काप, मग लहान कर. लहान करायचा तर मूळ फोटोवरून एका झटक्यात कर, लहानाचा आणखी लहान करत बसू नको. मोबाईलवरून आलेला दाबलेला फोटो घेऊ नको, मूळ माग. लहान झाल्यावर कडा किंचित उठव, पण इतक्या नको की माणूस करवतीनं कापलेला दिसेल. लहान प्रिंट पडद्यापेक्षा काळी येते, म्हणून थोडा उजेड टाक. आणि सगळ्यांत मोठं, मूळ फोटोवर कधीही सेव्ह करायचं नाही. नवीन नाव द्यायचं. एकदा मी विसरले आणि एका म्हातारीचा एकुलता फोटो ओळखपत्राच्या मापाचा करून ठेवला. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "मोठ्याचं लहान करता येते, सुनंदा. लहानाचं मोठं ब्रह्मदेवालेही जमत नाही."

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीत नेलंत ते आठवतं? मला वाटलं फोटो काढायला आलो. तुम्ही भिंतीवरच्या कोरीव अक्षरांचा एक फोटो काढलात आणि दुकानात येऊन मला म्हणालात, हा लहान करत जा. मी करत गेले. अक्षरं बारीक झाली, मग नक्षीसारखी दिसायला लागली, मग नुसता दगड उरला. "आता एक पायरी मागं ये," तुम्ही म्हणालात. मी आले, तर अक्षरं पुन्हा अक्षरं झाली. आपल्याला दोघांनाही ती वाचता येत नव्हती. "वाचता नाही आली तरी अक्षर हाय थे कळाले पाह्यजे. तिथंच थांबाचं." मी तेव्हा हसले होते, एवढ्यासाठी एवढ्या उन्हात नेलंत म्हणून.

एकच भांडण आपलं कधी मिटलं नाही. मी म्हणायची, गिऱ्हाईक सांगेल तसं करून द्यावं, व्रण काढा म्हणाले तर काढावा, गोरं करा म्हणाले तर करावं. तुम्ही म्हणायचात, माणूस होता तसा दिसला पाहिजे. लग्नाच्या बायोडाट्यासाठी आलेल्या पोरींचे तीळसुद्धा तुम्ही काढू देत नव्हता. "उद्या नवरा तीळ पाहीन न? मंग?" मी तुम्हाला हट्टी म्हणाले, जुनाट म्हणाले, गिऱ्हाईक त्या समोरच्या दुकानात जातं तुमच्यापायी असंही म्हणाले. तुम्ही फक्त कात्री पुसत बसायचात. आता वाटतं, माझ्याशी भांडत नव्हतातच तुम्ही.

एकदा, शिकून दोनेक वर्षं झाली असतील, मी सहज बोलून गेले. "ताई माह्यावर अजून रागावलेलीच हाय, भाऊ. लॉकेट उघडलं का अंगावर येते."

तुमच्या हातातला कागद वाकडा कापला गेला. आठ फोटोंचा अख्खा कागद वाया. असं तुमच्या हातून कधी होत नसे.

"दुसरा करून देऊ काय?" तुम्ही विचारलंत.

"दुसरा कुठून आणता? हाये तोच हाय. अन् तिनं रागावू नाही तर कोणी रागवाचं? तिचंच होतं न सगळं."

तुम्ही काही तरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कोणी तरी झेरॉक्सला आलं. त्या माणसाचा मला आज इतका राग येतोय की काय सांगू.

तर ते चार फोटो. पहिला, बारशाचा मूळ. दुसरा, त्यातला रेखाताईचा कापलेला चेहरा. तिसरा, स्टुलावरची मी. चौथा, लॉकेटातला. मी आधी काहीच समजले नाही. माझा फोटो चुकून यात पडला म्हणून दुसऱ्या फोल्डरात हलवायला निघाले होते. मग दुसरा फोटो मोठा करून पाहिला. रेखाताईचे डोळे मिटलेले होते. भाच्याच्या मोबाईलची फ्लॅश चमकली आणि तिनं डोळे मिटले, बस्स. चौथ्यात ते उघडे. मी चौथा मोठा केला. आणखी मोठा केला. दाणे दिसायला लागले. गालाचे दाणे मोठे, फाटलेले, साध्या मोबाईलचे. डोळ्यांचे दाणे बारीक, एकसारखे, चांगल्या कॅमेऱ्याचे. मग तिसरा शेजारी ठेवला. तेच डोळे, माझे. डाव्या पापणीवरचा माझा तीळ तेवढा तुम्ही पुसला होता.

तेवढा तीळ तुम्ही पुसला होता, भाऊ. बाकी कोणाचा पुसू दिला नाहीत.

दहा वर्षं मी हेच काम करते. एका फोटोत दोन जातींचे दाणे दिसले तर लांबून ओळखते, गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते की हा जोडकाम केलेला फोटो आहे, फॉर्मला चालणार नाही. आणि माझ्या गळ्यातला मला कळला नाही. कळणार कसा? मी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. तुम्हीच म्हणाला होता ना, जिच्या गळ्यात आहे ती पाहते. चुकलं तुमचं.

मी त्या खुर्चीत बसून तुमच्यावर ओरडले. खरंच, मोठ्यानं. शेजारचा टेलर डोकावून गेला. त्याला वाटलं असेल, बाईला दुःख अनावर झालं. दुःख होतंच, पण मला भांडायचं होतं. तुम्ही असं का केलंत? मिटल्या डोळ्यांचा चेहरा गळ्यात घातला तर सासूबाई अपशकुन म्हणतील म्हणून? चाराण्याच्या मापाला दोनशे दाणे लागतात आणि तिच्या चेहऱ्यात सत्तरच होते म्हणून? की समोर एक पोर बसली होती, जिला कोणी मान वर करून बघू देत नव्हतं, म्हणून? आणि 'रागानं पाह्य' म्हणालात तेव्हा हे ठरलेलं होतं का तुमच्या मनात? मी उत्तरं स्वतःच तयार करते आणि स्वतःच मोडते. एकही पटत नाही. एकही खोटं वाटत नाही.

शेवटच्या दिवशीचं तर मला आठवूसुद्धा नये असं वाटतं. कोमल दहावी झाली, तिला खामगावच्या होस्टेलला ठेवायचं ठरलं. दोन महिन्यांपासून ती मागं लागली होती, लॉकेटातला फोटो पाकिटात ठेवायच्या मापाचा करून द्या, सोबत नेते. मी तुम्हाला म्हणायची, तुम्ही म्हणायचात, पाहू, करू. तुमचं कोणतंही काम पाहू-करूवर राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी जरा चढ्या आवाजातच बोलले. पोरगी परक्या गावी चालली, तुमच्यानं एवढं होत नाही का म्हणून. तुम्ही छातीवर हात चोळत होता. ॲसिडिटी म्हणालात.

"त्या फोटोचं तुले एक सांगाचं हाय, सुनंदा."

"मंग सांगा न."

"उद्या सांगतो. निवांत."

आणि सकाळी प्रशांतच्या आईचा फोन आला. बुलढाण्याला नेता नेता सगळं आटोपलं होतं. मी चढ्या आवाजात बोलले ते शेवटचं. उद्या कशाला म्हणालात हो? मी भांडले असते, रडले असते, चार दिवस दुकानात आले नसते, पाचव्या दिवशी आले असते. तुम्हाला माहीत होतं मी आले असते.

तेरवीला तुमचा मोठा फोटो दिला तो चष्म्यावरच्या चमकेसकट. प्रशांतला म्हटलं, राहू दे, बाबा असेच दिसायचे. खोटं नाही ते. उन्हात दुकानाच्या पायरीवर उभे राहिलात की तुमच्या काचा अशाच पांढऱ्या व्हायच्या. पेपरातला लहानही तसाच गेला. दोन बोटांत तुमचं टक्कल आणि ते दोन पांढरे ठिपके, पण ओळखू आलात. तीन गावांहून लोक आले तेवढ्यावर.

कोमलचं मात्र राहिलं होतं. परवा तिची पेटी भरून झाली आणि ती दुकानात आली. "मम्मी, आज तरी दे." मी आठ दिवस टाळत होते. एक मन म्हणत होतं, लॉकेटातलाच काढून दे, पोरीला सोळा वर्षांत जी आई मिळाली ती तरी राहू दे. चौथ्या फोटोवर बाण नेला आणि बोट दाबेना. ते माझे डोळे तिच्या पाकिटात बसून तिच्यावर रागावत राहणार होते, परक्या गावात, परीक्षेच्या दिवशी, आजारी पडली तरी. मला तुमच्यासारखं धीरानं गप्प बसणं जमत नाही, भाऊ. मी पहिला फोटो उघडला.

बारशाचा. पाळण्याला झेंडूच्या माळा, पाच-सात बाया दाटीवाटीनं, मधे रेखाताई, मांडीवर तान्ही पोर.

कोमल वाकून बघत होती.

"हे कोण हाय?" तिनं विचारलं.

स्वतःच्या आईकडं बोट दाखवून विचारलं.

मी पाणी प्यायले. मग म्हटलं, "थे तुही आई. अन् मांडीवर तू."

तिला पटेना. लॉकेट माझ्या गळ्यात हात घालून उघडलं आणि शेजारी धरलं. "हे तं हासून राह्यली." तेव्हा माझ्याही नीट लक्षात आलं. डोळे मिटलेत, पण रेखाताई हसतेय. दात दिसतायत, मान किंचित मागं गेलीय, आणि मांडीवरच्या पोरीनं तिचं मंगळसूत्र मुठीत धरून ओढलंय. लॉकेटात ओठ तेच होते. पण वर असे डोळे असल्यावर ओठांकडं कोण बघतं?

"मंग हे डोळे कोणाचे हायेत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तुमच्या स्टुलासकट. सांगताना तिच्याकडं बघता येत नव्हतं, मी तुमच्या कात्रीकडं बघत होते. ती माझ्यासमोर आली आणि माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, मी तिचं लहानपणी करायची तसं. माझ्या पापणीवरच्या तिळाकडं तिनं पाहिलं.

"कोणावर रागावली होती तू?"

तुम्ही दाण्यांचं सगळं शिकवलंत. याला काय म्हणायचं असतं ते शिकवलं नाही. मी म्हटलं, "तुह्या आईवर. अन् थोडी तुह्यावर."

तिनं माझी हनुवटी सोडली. बाहेर टेलरची मशीन चालू होती.

मग म्हणाली, "हा दे. अख्खा. आईले कापू नको."

मी पाकिटाचं माप टाकलं आणि मला हसू की रडू कळेना. साध्या मोबाईलचा तो फटिचर फोटो, सहाशे चाळीस दाणे रुंद. इंचाला तीनशे. दोन इंचांहून जराशा जास्त जागेत न कापता, न ताणता जसाच्या तसा बसला. एक दाणा वाढवावा लागला नाही की एक टाकावा लागला नाही. तो फोटो तेवढाच करायचा होता, भाऊ, आणि आपण सगळे त्यातून एक चेहरा उकरून काढत बसलो. प्रिंटमध्ये रेखाताईचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं आलं. पण हसतेय ते कळतं. कडा मी अगदी किंचित उठवल्या, थोडा उजेड टाकला आणि नवीन नावानं सेव्ह केला. मूळ तसाच आहे.

कोमलनं कात्रीनं आपल्या हातानं तो कापला. सरळ कापला, वाकडा नाही. पाकिटात ठेवला. मी गळ्यातलं लॉकेट काढून झाकण उघडलं आणि आतला फोटो टाचणीनं उचकटायला लागले. म्हटलं, यातही हाच बसवते.

तिनं माझा हात धरला. "राहू दे थो."

"काऊन? खोटा हाय थो."

"लहानपणापासून मले त्याच डोळ्यांची सवय हाय," ती म्हणाली, आणि झाकण लावून लॉकेट माझ्या गळ्यात परत घातलं.

मी शटर अर्धं ओढलं आणि तुमच्या स्टुलावर तशीच बसून राहिले.